कानाने वाचलेली अक्षरे

आमच्या घरात माणसे तीन. मी, सौभाग्यवती आणि आमची आई. पण गेल्या दोन वर्षांपासून रात्रीची जेवणे आटोपली, की चौथा एक आवाज बोलू लागतो. आवाज पुरुषाचा, पण जिवंत पुरुषाचा नव्हे. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी भराभर इंग्रजी पाढे म्हणावेत तसा. शेजारच्या आजींनी चार दिवस सोसले आणि पाचव्या दिवशी ओट्यावर येऊन आईला विचारले, "गुरुजींकडं कोण पाव्हणा आलाय गं? रात्रभर बडबडतो, अन् गुरुजी त्याला एक शब्द बोलत नाहीत!"

आई म्हणाली, "पाव्हणा नाही बाई. त्याचा नवा चष्मा आहे तो."

ह्या बोलक्या चष्म्याला इंग्रजीत 'स्क्रीन रीडर' म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर जी अक्षरे उमटतात ती मोठ्याने वाचून दाखविणारा हा एक प्रोग्राम आहे, वेगळे यंत्र नव्हे. त्याची माझी गाठ कशी पडली आणि तो जन्माला कसा आला, ह्या दोन गोष्टी मला आज सांगायच्या आहेत. पहिली लहान आहे, दुसरी मोठी. पण त्या एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

मी कोल्हारचा. नगरकडून मनमाडच्या रस्त्याने येताना प्रवरेचा पूल ओलांडला की लागते ते भगवतीमातेचे गाव. माझे शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. एका खाजगी शाळेत अगदी लहान मुलांना अक्षर-अंक शिकवितो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चार छापून आल्या आहेत. पाचवीच्या मध्यावर असताना डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. हा रोग मोठा कावेबाज. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने दृष्टी कुरतडीत आत येतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की डोळ्यामागची शीर जितकी गेली तितकी गेली, ती परत येणार नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली राखायची. मला आज समोरच्या माणसाचे नाक दिसते, पण कान दिसत नाहीत. कागदावर दोन शब्द दिसतात आणि तिसरा शोधावा लागतो. अशा डोळ्यांनी चारशे पानांची कादंबरी पुरी होत नाही.

तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी आला. हा मुलगा जन्मापासून अंध. पहिली-दुसरी माझ्याच हाताखाली होता, आणि आज लिहिताना लाज वाटते, पण त्याला काय शिकवावे हे मला त्या वेळी उमगले नव्हते. बाकीची मुले पाटीवर गिरवीत आणि मी त्याला म्हणे, "तू नुसता ऐकत बैस." पुढे त्याला पुण्याच्या अंधशाळेत घातले, तो ब्रेल शिकला, संगणक शिकला, आणि आता पुण्यातच संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने माझ्या संगणकावर हा वाचक बसविला, माझ्या हातातला उंदीर म्हणजे माऊस काढून घेतला, आणि म्हणाला, "गुरुजी, आता तुम्ही नुसते ऐकत बसा." त्याच्या मनात टोमणा नव्हता. मला मात्र तो लागला.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. पडद्यावर चित्रे, चित्रांखाली नावे, खिडकीत खिडकी. वाचक बिचारा एकामागून एक सारे वाचीत राही आणि मी कोठे आहे हेच मला कळेना. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी अवस्था. तेव्हा त्या मुलाने मला तो काळा पडदा उघडून दिला. त्याला 'कमांड लाइन' म्हणतात. ना चित्र, ना बटण. एक ओळ. तीवर आपण आज्ञा लिहायची, एंटर दाबायचे आणि यंत्राने खाली उत्तर लिहायचे. दृष्टी असलेल्या तरुणांना हा पडदा जुनापुराणा आणि अवघड वाटतो. मी म्हटले, "अरे, डोळे धड असलेलेसुद्धा ह्याला भितात, अन् तू मला येथे आणतोस?" तो म्हणाला, "गुरुजी, येथे फक्त शब्द आहेत. शब्दाला डोळे कशाला लागतात?"

त्या ओळीच्या सुरुवातीला आपण कोणत्या कप्प्यात आहोत ते लिहिलेले असते आणि शेवटी एक बाणाच्या टोकासारखी खूण असते. वाचक ती ओळ वाची ती अशी: सी, युजर्स, पुढे माझे नाव, आणि त्यापुढे 'ग्रेटर'. आपल्या नावापुढे रोज रात्री कोणी 'थोर' म्हणावे हे सुख लेखकाच्या वाट्याला क्वचितच येते. पुढे कळले, की त्या खुणेचे इंग्रजी नावच तसे आहे.

पहिली आज्ञा शिकविली ती तीन अक्षरांची: डी, आय, आर. कप्प्यात काय काय आहे ते सांग, असा तिचा अर्थ. आज्ञा दिली मात्र, वाचक सुटला. तारीख, वेळ, आकडा, नाव. पुन्हा तारीख, वेळ, आकडा, नाव. डोळ्याला हे रकाने सोयीचे असतात, कारण डोळा रकाना सोडून सरळ शेवटच्या नावावर उडी मारतो. कानाला उडी मारता येत नाही. कानापुढून शब्द वरातीसारखे एकामागून एक जायचे आणि नवरदेव नेहमी शेवटी. तेव्हा मुलाने सांगितले, की आज्ञेपुढे जागा सोडून एक तिरपी रेघ आणि 'बी' हे अक्षर लिहा. लिहिले. तारखा गेल्या, आकडे गेले, नुसती नावे आली. माझ्या कादंबरीची अठरा प्रकरणे त्या पत्र्याच्या आवाजाने शाळेतल्या हजेरीसारखी एकेक करून पुकारली, आणि मला मनात 'हजर' म्हणावेसे वाटले.

आता दुसरी गोष्ट. डोळ्याची सोय वेगळी आणि कानाची, बोटाची वेगळी, ही एवढीशी बाब माणसांना कळायला फार काळ लागला आहे.

पॅरिसमध्ये व्हॅलेंतीन आयुई नावाच्या सज्जनाने 1785 च्या सुमारास अंध मुलांसाठी शाळा चालविली. जगातली ही तशी पहिली शाळा. त्याने मुलांसाठी पुस्तकेही केली. नेहमीचीच रोमन अक्षरे जाड कागदावर उठावदार छापली, म्हणजे मुलांनी ती बोटाने चाचपून वाचावीत. हेतू उत्तम. पण ती अक्षरे घडली होती डोळ्यासाठी. त्यांची वळणे, काने, शेपट्या बोटाला एकसारख्याच लागत. वाचन मुंगीच्या पावलाने चाले, आणि लिहिणे तर बाजूलाच राही. ह्या शाळेत लुई ब्रेल हा मुलगा 1819 साली दाखल झाला. जन्म 1809 चा. बाप जीनगर, चामड्याचे खोगीर-लगाम करणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी हत्याराशी खेळताना डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. त्या शाळेत शार्ल बार्बिए नावाच्या एका लष्करी माणसाची ठिपक्यांची लिपी आली होती. तीत बारा ठिपके असत, ते एका बोटाखाली मावत नसत. ब्रेलने ते सहावर आणले. उभे तीन, शेजारी तीन. ह्या सहा ठिपक्यांच्या जुळण्या होतात 63, आणि त्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीतसुद्धा बसते. हे काम त्याने 1824 साली केले. वय पंधरा.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोळस शिक्षकांना ही लिपी आवडली नाही. त्यांना ती वाचता येत नव्हती ना! आपल्याला दिसते तसेच मुलांनी वाचावे, नाही तर ती आपल्यापासून तुटतील, असे त्यांना वाटे. मुले मात्र चोरून ठिपके टोचीत राहिली. फ्रान्सने ब्रेल लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती 1854 साली. ब्रेल त्यापूर्वीच, 1852 च्या जानेवारीत वारला होता.

आपल्याकडची हकिगत दुष्काळापासून सुरू होते. नगरच्या लोकांना अमेरिकन मराठी मिशन हे नाव नवे नाही; 1831 पासून ते नगरात आहे. ह्याच मिशनच्या ॲना मिलार्ड ह्या बाईंनी 1900 साली मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. छपन्नच्या दुष्काळाचे ते दिवस, संवत 1956 म्हणून लोक त्याला छपन्नचा म्हणत. तीच शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. 1902 साली मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. पण देशात तेव्हा ब्रेलचा एकच मेळ नव्हता. निरनिराळ्या शाळांतून आणि भाषांतून निरनिराळे ठिपके चालत. सबंध देशाच्या भाषांसाठी एक लिपी ठरली ती स्वातंत्र्यानंतर, 1951 साली. तिचे नाव भारती ब्रेल. तीत मराठी 'क' आणि इंग्रजी 'के' ह्यांचे ठिपके एकच आहेत: पहिला आणि तिसरा. ज्याने ही युक्ती काढली त्याला मी मनोमन नमस्कार करतो, कारण मूल एक लिपी शिकले की दुसरीचा निम्मा रस्ता चालून झालेला असतो.

मी स्वतः ब्रेल शिकायला बसलो आहे, पण चाळिशीतल्या आणि खडू धरून राठ झालेल्या बोटांना ते लवकर येत नाही. माझी भिस्त कानावर. आणि त्यात आम्हा प्रवराकाठच्या लोकांना कमीपणा कसला? ह्याच नदीच्या काठी, खाली नेवाशाला, ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती ऐकून लिहून घेतली. मराठीचा एवढा मोठा ग्रंथ आधी कानात शिरला आणि मग कागदावर उतरला.

संगणकाच्या बाबतीत सुरुवात मात्र कानाच्या बाजूने झाली, आणि तीही नकळत. सुरुवातीचे कचेरीतले संगणक बहुधा चित्रे काढीत नसत. पडद्यावर पंचवीस ओळी, ओळीत ऐंशी अक्षरे. म्हणजे सारी मिळून दोन हजार घरे, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. कोणत्या घरात कोणते अक्षर बसले आहे ते यंत्राच्या स्मरणात जसेच्या तसे लिहिलेले असे. ते तेथून उचलायचे आणि बोलणाऱ्या यंत्राकडे धाडायचे, एवढेच काम. अमेरिकेत आयबीएम कंपनीत जिम थॅचर नावाचे गणिती होते. त्यांचे गुरू, ज्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली ते जेसी राइट, अंध होते, आणि दोघे पुढे एकाच ठिकाणी काम करीत. गुरूला संगणक वापरता यावा म्हणून शिष्याने खटपट केली, आणि त्यातून जो प्रोग्राम निघाला तो आयबीएमने 1986 च्या सुमारास 'स्क्रीन रीडर' ह्या नावाने विकायला काढला. हे कंपनीने ठेवलेले नाव. आता साऱ्या जातीलाच ते पडले आहे. (गुरूसाठी शिष्याने हे केले, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.) 1989 साली टेड हेंटर ह्यांच्या कंपनीचा 'जॉज' आला. हे हेंटर मोटारसायकलच्या शर्यतींत धावणारे. 1978 साली मोटारीच्या अपघातात त्यांचे डोळे गेले आणि ते संगणकाकडे वळले.

म्हणजे 1980 च्या दशकात अंध माणूस आणि डोळस माणूस संगणकापुढे जवळपास सारखेच होते. दोघांनाही आज्ञा पाठ कराव्या लागत, दोघांनाही त्या बोटांनी लिहाव्या लागत. जगात अशा जागा फार थोड्या असतात.

ती बरोबरी टिकली नाही. 1984 साली मॅकिंटॉश आला आणि मागाहून विंडोज. आता पडद्यावर अक्षरांची घरे उरली नाहीत, नुसते रंगाचे ठिपके उरले. 'क' असे लिहिलेले दिसले तरी यंत्राच्या लेखी ते 'क' नव्हे, ते 'क'चे चित्र. वाचकाने काय उचलावे? शिवाय काम करायचे ते बाणाने चित्रावर टिचकी मारून. डोळस लोकांनी आनंदाने टाळ्या पिटल्या, कारण आता काही पाठ करायला नको होते. इकडे ज्या अंध माणसांनी काळ्या पडद्याच्या जोरावर नोकऱ्या मिळविल्या होत्या त्यांच्या कचेऱ्यांतून एकेक करून विंडोज येऊ लागले आणि त्यांच्या पोटात गोळा आला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मग मोठ्या कसबाने एक तोड काढली. पडद्यावर चित्र काढण्याचा हुकूम यंत्रात जातो, त्या वाटेवरच पाळत ठेवायची, आणि काय काढले जात आहे त्याची अक्षरांतली नक्कल आपल्याजवळ ठेवायची. 1989 साली मॅकिंटॉशवर असा एक वाचक झाला. विंडोजवरचा जॉज 1995 च्या जानेवारीत आला. गाडे पुन्हा चालू झाले, पण अडखळत.

आणि ह्याच 1995 साली, एप्रिल महिन्यात, आपल्या पुण्यात वाढलेल्या एका गृहस्थाने अगदी निराळी वाट दाखविली. त्यांचे नाव टी. व्ही. रामन. ह्यांच्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. एक तर त्यांचे डोळेही काचबिंदूनेच गेले, आणि दुसरे म्हणजे पुणे आम्हाला परके नाही.

रामन ह्यांचा जन्म 1965 चा. लहानपणी अंधुक दिसत असे. चौदाव्या वर्षी तेही संपले. पुढे घरची माणसे, भाऊ पुस्तके वाचून दाखवीत आणि हे ऐकून गणित शिकत. गणित ऐकून शिकायचे म्हणजे काय, ते मला विचारा. बेरजेच्या पलीकडचे मला डोळ्यांनी पाहूनही कधी समजले नाही. पुण्याच्या नवरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते मुंबईच्या आयआयटीत गेले. तेथे त्यांना बोलणारा संगणक मिळाला नव्हता. विद्यार्थी स्वयंसेवक पाळीपाळीने येऊन बसत. पडद्यावरचे वाचून दाखवीत आणि हे सांगतील ते कळफलकावर उतरवीत. म्हणजे स्क्रीन रीडर होताच, पण हाडामांसाचा. त्या दिवसांतही त्यांनी एक प्रोग्राम केला, ज्यात गणितातली वक्ररेषा ऐकू येई.

तेथून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि 1994 साली डॉक्टर झाले. प्रबंधाचा विषय असा, की गणिताचे पुस्तक संगणकाने वाचून कसे दाखवावे. अक्षरामागून अक्षर नव्हे. डोक्यावर बसलेला घातांक आला की आवाज चढवायचा, पायाशी बसलेला अंक आला की उतरवायचा. ऐकणाऱ्याने म्हटले तर आधी समीकरणाचा सांगाडा सांगायचा आणि मग एकेक अवयव. आपले कीर्तनकार कथा सांगताना हेच करतात, नाही का? ह्या पद्धतीचे नाव त्यांनी 'ॲस्टर' ठेवले, आणि त्यांना वाट दाखविणाऱ्या कुत्रीचे नावही ॲस्टरच होते. ह्या प्रबंधाला अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

नंतर त्यांनी स्वतःच्या रोजच्या वापरासाठी 'ईमॅक्स्पीक' तयार केले. 'ईमॅक्स' हा अक्षरांवर चालणारा एक जुना आणि अफाट प्रोग्राम आहे. त्यात पत्रे लिहावीत, हिशेब करावेत, प्रोग्राम रचावेत, आज्ञा द्याव्यात. रामन ह्यांनी त्याला वाचा दिली, आणि येथे त्यांचा विचार साध्या स्क्रीन रीडरहून वेगळा पडला. पडद्यावर महिन्याचे पान उघडले आहे आणि बाण 14 ह्या आकड्यावर आहे असे समजा. साधा वाचक म्हणेल, 'चौदा'. फार तर सबंध ओळ वाचील, 'बारा, तेरा, चौदा, पंधरा'. डोळ्याला वर पाहून महिना कळतो, रकाना पाहून वार कळतो. कानाला ह्यातले काहीच कळत नाही. ईमॅक्स्पीक मात्र वार, महिना, तारीख असे पुरे सांगते, कारण ते पडद्याकडे पाहतच नाही. ते प्रोग्रामलाच आतून विचारते, की बाबा रे, तुझ्या मनात काय आहे? पडदा हे डोळ्यासाठी काढलेले भाषांतर. मग भाषांतराचे भाषांतर ऐकण्यापेक्षा मूळच का ऐकू नये, असा त्यांचा सवाल. लुई ब्रेलने उठावदार रोमन अक्षरांना जे उत्तर दिले होते, तेच हे उत्तर आहे, असे मला आपले वाटते. जाणते लोक मला दुरुस्त करतील.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज 95 बाजारात आले आणि सारे जग चित्रांच्या मागे लागले. रामन आपल्या शब्दांच्या वाटेने चालत राहिले. 2005 साली ते गूगल कंपनीत गेले. ईमॅक्स्पीक त्यांनी मोफत देऊन टाकले आहे.

मी ते वापरीत नाही. माझ्या विद्यार्थ्याने एकदा दाखविले. माझ्या मॅट्रिकला ते झेपले नाही. माझ्याकडे आहे तो 'एनव्हीडीए'. ह्याची कथा थोडक्यात अशी. जॉजची किंमत आमच्यासारख्याच्या कुवतीबाहेरची. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन ह्या अंध तरुणाला वाटले, की डोळस माणसाला पडदा पाहण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग अंधाने ते का द्यावेत? 2006 साली त्याने स्वतःच वाचक लिहायला घेतला; जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. हा प्रोग्राम कोणालाही फुकट मिळतो. त्याबरोबर येणारा आवाज म्हणजे जोनाथन डडिंग्टन ह्या गृहस्थांनी रचलेला 'ईस्पीक'. तो थोड्या जागेत पुष्कळ भाषा बोलतो, आणि त्यात मराठीही आहे. मराठी बोलतो ती परक्या मुलखातून आलेल्या पाहुण्यासारखी. 'ळ' त्याला नीट म्हणता येत नाही असे माझे मत. आई म्हणते, तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तरी कोठे येतो?

माझा विद्यार्थी हा आवाज इतक्या वेगाने लावतो, की आपल्याला खापरात लाह्या फुटाव्यात तसे ऐकू येते. मी बैलगाडीच्या वेगाने ऐकतो. कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांचा जो चौकोन असतो तो माझी काठी झाला आहे. सात दाबले की मागची ओळ, आठला चालू ओळ, नऊला पुढची. चार, पाच, सहा हे तसेच शब्दांसाठी. एक, दोन, तीन अक्षरांसाठी. वाचक फार बोलू लागला तर कंट्रोलची कळ दाबावी, तो गप्प होतो. (सौभाग्यवतींनी विचारले, ही कळ माणसांना बसवून मिळते का.)

हे सारे सांगताना मी जणू फार तरबेज झालो आहे असा समज होईल, म्हणून गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. चूक सर्वस्वी माझी आहे. माझ्या कप्प्यात पक्की अठरा प्रकरणे होती आणि टाकाऊ कच्चे खर्डे होते. खर्ड्यांची नावे मी 'जुना' ह्या शब्दाने सुरू केली होती, पुढे एक, दोन, तीन. फाइलींची नावे मी रोमन अक्षरांतच ठेवतो. ते खर्डे एका झटक्यात पुसण्याची आज्ञा मला ठाऊक होती: 'डेल', मग जागा, मग 'जुना', आणि त्याला चिकटून चांदणीची खूण. चांदणीचा अर्थ 'पुढे काहीही असो'. त्या रात्री पुलाकडून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, आई झोपली होती, म्हणून मी आवाज बारीक केलेला. आणि टंकलेले प्रत्येक अक्षर बोलण्याची सोयही बंद केलेली, कारण तिचा कंटाळा येतो. 'जुना' आणि चांदणी ह्यांच्यामध्ये माझा अंगठा जागेच्या कळीवर पडला. डोळ्याला ती फट दिसली असती. मी ओळ ऐकली. ओळीत फट ऐकू येत नाही. यंत्राच्या लेखी मात्र आता दोन गोष्टी झाल्या होत्या: एक 'जुना', आणि दुसरी नुसती चांदणी, म्हणजे कप्प्यातले सारे काही. त्याने बिचाऱ्याने विचारलेही, 'खात्री आहे ना?' मी त्याला वायचे अक्षर दाबून हो म्हटले. नेहमीच विचारतो मेला, असे मनात म्हणून.

मग नेहमीप्रमाणे यादी मागितली. नावे आली नाहीत. पुन्हा मागितली. यंत्र म्हणाले, फाइल सापडत नाही. काळ्या पडद्यावरून पुसलेले कचरापेटीतही जात नाही, हे मला तेव्हा कळले. मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरचे दिवे मला गोल डाग दिसतात. त्या रात्री तेही दिसेनात.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याला फोन केला. तो रागावला नाही. शनिवारी एस.टी.ने पुण्याहून आला, दोन दिवस माझ्या संगणकापुढे मान खाली घालून बसला. अकरा प्रकरणे मागच्या दिवाळीत त्याच्याजवळ दिलेल्या पेन ड्राइव्हवर निघाली. उरलेल्या सातांपैकी तीन त्याने यंत्राच्या पोटातून खणून काढली. चार गेली. जाताना त्याने अक्षरे बोलण्याची सोय पुन्हा चालू करून दिली, आणि मला एक नवी सवय लावली: पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी तीच नावे डी-आय-आर पुढे लिहून यादी ऐकायची, आणि ऐकू येईल तेच पुसायचे. "गुरुजी, आम्ही आधी चाचपतो आणि मग पाऊल टाकतो," तो म्हणाला. 'आम्ही' हा शब्द त्याने सहज वापरला. त्यात मी आहे की नाही, हे मी त्याला विचारले नाही.

चार प्रकरणे मी पुन्हा लिहिली. तीन जवळपास तशीच उतरली. चौथ्यात नायिका नदी ओलांडून माहेरी परत येते. तेथे मूळचे काय होते ते मला आजही आठवत नाही, आणि नवे लिहिले आहे त्यावर माझा विश्वास बसत नाही. सौभाग्यवती म्हणतात, "अहो, हेच बरे आहे." त्या नेहमीच तसे म्हणतात.

गेल्या महिन्यात कादंबरी पुरी झाली. अठरा फाइलींचे एक पुस्तक करायचे होते. डोळे होते तेव्हा मी हे काम एकेक प्रकरण उघडून, उचलून, चिकटवून करीत असे. अर्धा दिवस जाई आणि एखादे प्रकरण हटकून दोनदा चिकटे. आता काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिली: 'कॉपी' ही आज्ञा, तिरपी रेघ आणि बी, मग अठरा नावे अधिकच्या खुणेने जोडलेली, आणि शेवटी पुस्तकाचे नाव. ओळ लिहायला पाव तास लागला. अक्षर अक्षर ऐकले. दोन ठिकाणी जागा जास्त पडली होती ती काढली. एंटर दाबण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर नक्कल आहे ना ते आईला विचारले. तिला ह्यातले काही कळत नाही, पण पेन ड्राइव्ह तिच्या पानाच्या डब्यात असतो.

एंटर दाबले. वाचकाने अठराही नावे क्रमाने घेतली, आणि शेवटी म्हणाला, एक फाइल नकलली. मग सी, युजर्स, माझे नाव, ग्रेटर.

आता पुस्तक पहिल्यापासून ऐकतो आहे. नऊवर बोट ठेवून एकेक ओळ. काल रात्री सातव्या प्रकरणापर्यंत आलो. शेजारच्या आजी ओट्यावर येऊन बसतात. मराठी कळते म्हणून त्यांची तक्रार थांबली आहे. मात्र सहाव्या प्रकरणात म्हातारी मारली ते त्यांना पसंत पडलेले नाही.